हनिफारूचे पाहुणे

मनुष्याला ज्याची भीती वाटते, त्याला तो आधी एक वाईट नाव देऊन टाकतो आणि मग त्या नावावरच विश्वास ठेवून वागू लागतो. धामण बिचारी शेतातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचवते. पण ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असा आरोप तिच्या माथी मारलेला आहे. घुबडही उंदीरच मारते. पण ते घराच्या आढ्यावर येऊन बसले की घरातली माणसे अशुभाच्या शंकेने कासावीस होतात. ज्याने या प्राण्यांना कधी जवळून न्याहाळले नाही, तोच त्यांच्याविषयी सर्वांत अधिक गोष्टी सांगत असतो. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या जमिनीवर ही स्थिती, तर ज्याचा तळ माणसाला दिसतच नाही, त्या समुद्रातल्या प्राण्यांची बदनामी किती सहज होत असेल!

अशा बदनाम जलचरांत मांटा नावाच्या माशाचा क्रमांक फार वरचा लागेल. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात, त्या चपट्या, रुंद माशाच्या गोतातलाच हा. पण आकाराने कितीतरी मोठा. पाकट मासा तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. मांटा मात्र मोकळ्या पाण्यात राहतो आणि त्याच्यापाशी कोणालाही टोचण्याजोगा काटा नाही. त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन लांबट कल्ल्यांसारखे दिसणारे, पण खरे तर परांचेच बनलेले असे दोन अवयव असतात. पोहताना तो त्यांची गुंडाळी करतो, तेव्हा डोक्यावर दोन शिंगे उगवल्यासारखी दिसतात. बस्स! एवढ्यावरून जुन्या दर्यावर्दींनी त्याला 'सैतान मासा' ठरवून टाकले.

'मांता' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ घोंगडी किंवा चादर असा आहे. मोती काढण्यासाठी समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांना डोक्यावरून एखादी काळी घोंगडी तरंगत जावी तसा हा मासा दिसे आणि त्यांच्या काळजाचे पाणी होई. तो माणसाला आपल्या अंगाखाली लपेटून गुदमरवून मारतो, अशी दंतकथा त्यातून जन्मास आली. नांगराची साखळी शिंगांत पकडून तो आख्खे गलबत ओढून नेतो, अशीही एक कथा होती. या दुसऱ्या कथेत सत्याचा एक कण आहे. मांटाला मागे सरकता येत नाही. एखादा दोर तोंडाला अडला की तो सुटण्यासाठी उलटीपालटी कोलांटी घेतो आणि त्यातच अधिक गुरफटतो. मग जीव वाचवण्याच्या धडपडीत तो पुढे धाव घेईल, तर होडी ओढली जाणारच. म्हणजे ज्या क्षणी तो स्वतः संकटात सापडलेला असे, नेमक्या त्याच क्षणी माणसाला तो सैतान वाटे.

या सैतानाचे खरे रूप ज्याला पाहायचे असेल, त्याने मालदीव बेटांकडे दृष्टी वळवावी. भारताच्या नैऋत्येला, हिंदी महासागरात, सुमारे १,२०० लहान लहान बेटांची ही माळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. यांपैकी वस्ती असलेली बेटे दोनशेच्याही आतच भरतील. ही बेटे डोंगराची नव्हेत, मातीचीही नव्हेत. ती पोवळ्यांची आहेत. प्रवाळ नावाचे इवलेसे जीव उथळ, उबदार पाण्यात चुन्याची घरे बांधत जातात. प्राचीन काळी येथे ज्वालामुखी पर्वत होते. ते हळूहळू समुद्रात खचत गेले आणि त्यांच्या कडेची प्रवाळांची भिंत मात्र वर वर वाढत राहिली. पर्वत नाहीसा झाला आणि त्याच्याभोवतालचे कडे तेवढे उरले. चार्ल्स डार्विनने १८४२ साली ही उपपत्ती मांडली. अशा कड्याला मराठीत कंकणद्वीप असे सुरेख नाव आहे. इंग्रजीतला 'अटॉल' हा शब्द तर मालदीवच्या धिवेही भाषेतूनच जगभर गेला आहे.

ही धिवेही भाषा मराठीची दूरची बहीण लागते. दोघींचेही मूळ आर्य भाषाकुळातले. या नात्याची एक खूण पावसात सापडते. महाराष्ट्रातला शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे मोजून पावसाचा अंदाज बांधतो. मालदीवचा मच्छीमारही वर्षाचे सत्तावीस भाग पाडतो आणि त्या प्रत्येकाला 'नकई' म्हणतो. नकई म्हणजे नक्षत्रच. रोहिणीला तो 'रोआनू' म्हणतो, मृगाला 'मियाहेलिया' आणि आर्द्रेला 'अधा'. एकाची नजर नांगरटीकडे, दुसऱ्याची शिडाकडे. पण दोघेही एकाच वाऱ्याची वाट पाहत असतात. जो नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीवर पाऊस घेऊन येतो, तोच त्याआधी मालदीवच्या माडांना गदागदा हलवून आलेला असतो. तेथील लोक या ऋतूला 'हुळंगू' म्हणतात आणि हिवाळ्यातील ईशान्येच्या वाऱ्याच्या ऋतूला 'इरुवाई'.

हुळंगू सुरू झाला की वाऱ्याबरोबर समुद्राचे पाणीही पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. वाटेत कंकणद्वीपांची रांग आडवी येते. प्रवाह या अडथळ्यावर आपटतो, दुभंगतो, बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून घुसळत जातो आणि या खळबळीत खोल समुद्रातले थंड, सकस पाणी वर येते. शेतात खत पडावे तसेच हे आहे. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्या वनस्पतींवर चरणारे सूक्ष्म प्राणी लाखोंच्या संख्येने वाढतात. पाण्याच्या ओघाबरोबर तरंगत जाणाऱ्या या जीवसृष्टीला प्लवक असे म्हणतात. प्रवाह पूर्वेकडे जात असल्यामुळे प्लवकही बेटांच्या पूर्व बाजूस साचत जातो. हिवाळ्यात वारा उलटला की हेच सारे पश्चिम बाजूस घडते. मांटा मासेही अन्नामागून वर्षातून दोनदा बाजू बदलतात. वाऱ्याने बिऱ्हाड बदलले की त्यांनीही बदलायचे, असा हा शिरस्ता आहे.

मालदीवमध्ये बा नावाचे एक कंकणद्वीप आहे. त्याच्या पूर्वेच्या कडेला हनिफारू नावाचे एक छोटेसे निर्मनुष्य बेट असून त्याच्या शेजारी प्रवाळाच्या भिंतींनी वेढलेली एक लहानशी खाडी आहे. फुटबॉलच्या मैदानाएवढीच ती असेल. तिचा आकार एका बाजूने उघड्या असलेल्या नरसाळ्यासारखा आहे. एरवी तिच्यात विशेष असे काही नाही. पण मे ते नोव्हेंबर या काळात, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण आले, की भरतीचा जोरदार लोंढा खाडीच्या तोंडावरून वाहू लागतो. त्या लोंढ्याच्या कडेला उलटा भोवरा पडतो आणि बाहेरचा प्लवक आत ओढला जातो. आत आलेल्या त्या इवल्या जीवांना तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूने येणारा प्रवाह. बाहेर पडायला वाट राहत नाही. थोड्याच वेळात खाडीचे निळे पाणी गढूळ होते. जणू कोणी तीत भाताची पेज ओतली आहे, असे वाटू लागते.

आणि मग पाहुणे येतात. प्रथम एखादाच मांटा येतो. खाडीच्या तोंडातून काळी पाठ आणि पांढरे पोट असलेली ती रुंद आकृती संथपणे आत शिरते. येथे येणाऱ्या मांटाच्या पंखांचा विस्तार साधारणपणे तीन-साडेतीन मीटर भरतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन माणसे आडवी झोपली तरी सहसा कमी पडायची नाहीत. पंख हे नाव त्यांना खरोखरच शोभते, कारण मांटा पाण्यात पोहत नाही, तो उडतो. घार जशी आकाशात क्वचितच पंख हालवते, तसाच तो एकदा पंख खाली दाबतो आणि कितीतरी अंतर तरंगत जातो. पहिल्याच्या मागून दुसरा येतो, दहावा येतो, पन्नासावा येतो. उधाणाच्या चांगल्या दिवशी या एवढ्याशा खाडीत शंभराहून अधिक मांटा एकत्र जमलेले पाहिले गेले आहेत. कधी कधी त्यांच्या मागून पाठीवर पांढरे ठिपके असलेली प्रचंड व्हेल शार्कही येते. मुशीच्या कुळातली ती असली, तरी अन्न मात्र प्लवकाचेच खाते.

एवढे मोठे प्राणी एवढ्या लहान जागेत जेवायला बसले म्हणजे धक्काबुक्की व्हावी, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण येथील पंक्तीला मोठी शिस्त असते. प्लवक विरळ असेल तर प्रत्येक जण आपापल्या वाटेने फिरतो. तो दाट झाला की एकाच्या शेपटीमागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा अशी साखळी तयार होते. पुढच्याच्या तोंडून सुटलेले अन्न मागच्याला मिळते. एखादा लहान मांटा मोठ्याच्या पाठीवर येऊन त्याच्याच गतीने तरंगत राहतो आणि त्याच्या बरोबरीने चरतो. अन्न फारच दाट असेल, तर मांटा एकाच जागी मागच्या मागे कोलांट्या उड्या घेत राहतो, म्हणजे ओंजळभरही प्लवक वाया जात नाही. आणि कधी काळी संख्या खूपच वाढली, की साखळीचे पुढचे टोक मागच्या टोकाला येऊन मिळते आणि शेकडो पंखांचे एक प्रचंड चक्र पाण्यात फिरू लागते. त्या फिरण्याने पाण्यातच भोवरा पडतो आणि भोवऱ्यात सापडलेला प्लवक आपसूक त्यांच्या तोंडी येतो. हा देखावा फार थोड्यांनी पाहिला आहे. पण ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता आलेला नाही.

ज्या शिंगांनी मांटाला सैतान ठरवले, त्या शिंगांचे खरे काम या वेळी दिसते. जेवायला सुरुवात करताना तो आपली गुंडाळलेली शिंगे उलगडतो. ती रुंद होऊन तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली येतात आणि पाणी थेट तोंडात जाईल असे एक नरसाळे तयार होते. कोणावर धाव घेण्यासाठी नव्हे, तर पेज मुखात ओढून घेण्यासाठी निसर्गाने दिलेल्या त्या दोन पळ्या आहेत. तोंडात आलेले पाणी कल्ल्यांच्या फटींतून बाहेर जाते आणि अन्न आत राहते. ही चाळणी मोठी विलक्षण आहे. साध्या चाळणीचे भोक कणापेक्षा लहान असावे लागते आणि कण अडकून भोके बुजली की ती झटकावी लागते. मांटाच्या कल्ल्यांतील फटी मात्र कित्येक कणांपेक्षा मोठ्या असतात, तरीही कण निसटत नाहीत. २०१८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी याचा उलगडा केला. कल्ल्यांवरच्या पापुद्र्यांची ठेवण अशी असते की पाणी त्यांना वळसा घालून निसटते. पण कण त्यांवर आपटून चेंडूसारखा उसळतो आणि पुन्हा तोंडातल्या प्रवाहातच पडतो. चाळणी कधी बुजत नाही आणि ती कधी धुवावीही लागत नाही.

या माशाला विसावा असा कधी नाहीच. कल्ल्यांवरून पाणी वाहत राहावे आणि श्वास चालू राहावा, यासाठी त्याला जन्मभर पुढे जात राहावे लागते. तरीही त्याच्या आयुष्यात स्वच्छतेला वेळ असतो. प्रवाळांवर काही ठरावीक जागा असतात. मांटा तेथे येतो, गती अगदी मंद करतो आणि घिरट्या घालत राहतो. लगेच बोटाएवढे मासे पुढे होतात आणि त्याच्या अंगावरची बांडगुळे टिपून खाऊ लागतात. जुन्या जखमेवरची मेलेली कातडी कुरतडून काढतात. त्याच्या कल्ल्यांतही निर्धास्तपणे शिरतात. एवढा मोठा मासा त्यांना दुखवत नाही आणि एवढे लहान मासे त्याला भीत नाहीत. सर्व माशांत मांटाचा मेंदू सर्वांत मोठा आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाजवळ तो पुष्कळदा आपण होऊन येतो, त्याच्याभोवती फेरी घालतो आणि मोठ्या डोळ्याने त्याला न्याहाळून निघून जातो. घोंगडीत गुंडाळून मारण्याची कथा ज्यांनी रचली, ते या डोळ्यासमोर थोडा वेळ थांबले असते तर फार बरे झाले असते.

मांटाच्या पांढऱ्या पोटावर काळे ठिपके असतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्यासारखा नसतो, तशीच ठिपक्यांची ही मांडणीही प्रत्येक मांटाची निराळी असते आणि ती जन्मभर बदलत नाही. म्हणून पाण्यात उतरून पोटाचे छायाचित्र घेतले की तो मांटा कोणता, हे नेमके सांगता येते. २००५ साली मालदीवमध्ये या कामाला पद्धतशीर सुरुवात झाली. आज तेथील वहीत पाच हजारांहून अधिक मांटांची नोंद आहे. कोणता कोठे दिसला, कोणाच्या पंखाला मुशीने चावा घेतला होता, कोणाची जखम भरून आली, कोण किती वर्षांनी परत आला, हे सारे त्यात सापडते. ज्याला पूर्वी नुसता 'सैतान' म्हणत, त्याला आता एकेकटी ओळख मिळाली आहे.

शास्त्रज्ञांनाही या कुळाची ओळख पटायला वेळ लागला. सागरभर भटकणारा महाकाय मांटा १७९२ सालीच शास्त्रीय ग्रंथात आला होता. त्याच्या पंखांचा विस्तार सात मीटरपर्यंत भरतो. प्रवाळांच्या आसपास राहणारा लहान मांटा १८६८ साली ऑस्ट्रेलियात वेगळा म्हणून नोंदला गेला. पण पुढे दोन्ही एकच समजले जाऊ लागले. ते दोन निराळे आहेत, हे २००९ साली अँड्रिया मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हनिफारूला येणारे पाहुणे मुख्यतः या दुसऱ्या जातीचे. २०२५ साली अटलांटिक महासागरातील आणखी एक जात यांच्या जोडीला आली.

मांटाच्या भावंडांना आजही 'सैतान पाकट' असेच म्हणतात. ती आकाराने लहान असतात आणि त्यांचे तोंड डोक्याच्या टोकाला नसून किंचित खालच्या बाजूस असते. त्यांचेही पराक्रम थोडे नाहीत. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांतील एक छोटी जात हजारोंच्या थव्याने फिरते आणि पाण्याबाहेर उंच उड्या मारून पोटावर आदळते. दुसरी एक जात पृष्ठभागाजवळ ऊन खाताना दिसे, म्हणून ती उथळ पाण्यातलीच असावी, असा सर्वांचा समज होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अझोर्स बेटांजवळ काहींच्या अंगाला खोली मोजणारी लहान यंत्रे लावली होती. तेव्हा ती सुमारे १,९०० मीटर खोल, जेथे काळोख आणि बर्फाळ थंडी यांखेरीज काही नाही, अशा ठिकाणी बुडी मारतात, हे कळून आले. त्या थंडीतही त्यांचा मेंदू गारठत नाही, कारण त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते. गरम आणि थंड रक्त तेथे शेजारून वाहते आणि ऊब वाया जात नाही.

असा हा प्राणी बलवान आहे, चतुर आहे. पण एका गोष्टीत तो फार दुबळा आहे. बांगड्यासारखा मासा हजारो अंडी घालतो. त्यातली बहुतेक नष्ट झाली तरी वंश चालू राहतो. मांटाची मादी मात्र अंडी समुद्रात सोडत नाही. पिलू तिच्या पोटातच वाढते. तेथेच तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर पोसते. वर्षाहून थोड्या अधिक काळाने ते जन्मास येते आणि एका वेळी बहुधा एकच. पंखांची गुंडाळी करून ते आईच्या पोटातून बाहेर पडते, पंख उलगडते आणि कोणी न शिकवता पोहू लागते. त्यानंतर मादीला दुसरे पिलू व्हायला पुष्कळदा दोन ते पाच वर्षे लागतात. कोठे कोठे त्याहूनही अधिक. पिलाची मादी होऊन तिला स्वतःचे पिलू होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे निघून जातात. मांटा चाळीस वर्षांहून अधिक जगतो. परंतु एवढ्या दीर्घ आयुष्यात एका मादीला मोजकीच पिले होतात. म्हणून एक मांटा मेला की ती जागा भरून यायला समुद्राला अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

आणि नेमके हेच माणसाने ध्यानात घेतले नाही. मांटाचे मांस फारसे कोणाला आवडत नाही. पण ज्या अद्भुत चाळणीने तो पाण्यातून अन्न वेगळे करतो, त्या कल्ल्यांच्या पट्ट्या वाळवून दक्षिण चीनमधील बाजारात औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या. मांटा पाणी गाळतो, म्हणून त्याच्या कल्ल्यांचे सार प्यायले की माणसाच्या रक्तातला दोषही गाळला जाईल, असा हा तर्क! त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. तरी या तर्कापायी अनेक देशांच्या किनाऱ्यांवर मांटा आणि सैतान पाकट यांची शिकार वाढली. त्याशिवाय कुपा मासा धरण्यासाठी समुद्रात टाकलेल्या अवाढव्य जाळ्यांत ते नकळत सापडतात. जाळ्यात अडकून पुढे जाणे थांबले की त्यांचा श्वासही थांबतो. ज्या भोळ्या माशाला माणसाने सैतान म्हटले, त्याचे हे हाल पाहिले म्हणजे सैतानपण नेमके कोणाच्या अंगी आहे, हा प्रश्न मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

मालदीवचे लोक या बाबतीत सुदैवी, आणि काही अंशी शहाणेही. ते शतकानुशतके कुपा मासा जाळ्याने नव्हे, तर गळाने पकडत आले आहेत. धोणी नावाच्या होडीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे राहायचे, जिवंत आमिषाचे लहान मासे पाण्यात फेकायचे आणि एकेक कुपा काठीने उचलून होडीत टाकायचा, अशी त्यांची रीत. तीत हवा तोच मासा हाती येतो आणि इतरांना धक्का लागत नाही. पण त्यांच्याही हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून ते व्हेल शार्कच्या यकृताचे तेल चोपडीत आणि त्या तेलासाठी तिची शिकार करीत. १९९५ साली ती शिकार कायद्याने बंद झाली. त्याच साली पाकट जातीच्या माशांची निर्यातही थांबवण्यात आली.

पुढे निराळेच संकट आले आणि ते द्वेषाचे नव्हे, प्रेमाचे होते. हनिफारूची कीर्ती पसरली. छायाचित्रे छापून आली, चित्रपट निघाले आणि पाहुण्यांना पाहायला पाहुणे धावले. लहानशा खाडीत होड्यांची दाटी होऊ लागली. पाण्यात माणसे एकमेकांना धडकू लागली. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून बुडी मारणाऱ्यांच्या श्वासाचे बुडबुडे जेवणाऱ्या मांटांच्या तोंडावर येऊ लागले. ज्याला पाहण्यासाठी एवढा आटापिटा, तोच त्रासून निघून गेला तर काय उरणार?

तेव्हा २००९ साली मालदीव सरकारने हनिफारू खाडी संरक्षित म्हणून जाहीर केली. २०११ साली युनेस्कोने सबंध बा कंकणद्वीपाला जागतिक जीवावरण क्षेत्रांच्या यादीत घेतले. २०१२ सालापासून खाडीत टाकी बांधून बुडी मारणे बंद झाले. पाहणाऱ्याने पृष्ठभागावर तरंगत, नळीने श्वास घेत, शांतपणे पाहावे. मांटाला स्पर्श करू नये. त्याचा मार्ग अडवू नये, असे नियम झाले. ते पाळले जातात की नाही, हे पाहायला तेथे रखवालदार असतात. २०१४ साली मालदीवने आपल्या समुद्रातील सर्वच पाकट जातींना संरक्षण दिले. तत्पूर्वी २०१३ साली मांटाला आणि नंतर २०१६ साली सैतान पाकटांना वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने आपल्या यादीत घेतले.

या नियमांमागे दया जेवढी आहे, तेवढाच व्यवहारही आहे, हे मान्य केले पाहिजे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मांटा पाहायला येणाऱ्या प्रवाशांपासून मालदीवला वर्षाकाठी सुमारे ८१ लाख डॉलर मिळत होते. मारलेला मांटा एकदाच विकता येतो. जिवंत मांटा मात्र वर्षानुवर्षे होडीवाल्याला, वाटाड्याला आणि खानावळवाल्याला पोसत राहतो. ज्यांचे आजोबा तेलासाठी भाला घेऊन निघत असत, अशा बेटांवरील तरुण आता पाहुण्यांना खाडी दाखवायला नेतात आणि मांटाच्या पोटावरचे ठिपके ओळखून तो कोण हे सांगतात. एका पिढीत एवढा बदल घडू शकतो, ही गोष्ट काही लहान नव्हे.

तरी चिंता संपलेली नाही. समुद्राचे पाणी तापत आहे. १९९८ आणि २०१६ या साली अतिउष्णतेने मालदीवची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली आणि पुष्कळशी मेली. ही बेटे पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच. पोवळ्यांची भिंत खचली, तर हनिफारूचे नरसाळे राहणार नाही, आणि नरसाळे नसेल तर पंगतही बसणार नाही. सीमेवर रखवालदार उभा करून तापलेल्या पाण्याला अडवता येत नाही. त्यासाठी साऱ्या जगानेच आपली रीत बदलावी लागेल.

जून महिना उजाडतो. कोकणात मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि मातीचा वास दरवळतो. त्याच सुमारास, शेकडो कोस दक्षिणेला, मियाहेलिया सुरू होतो. अमावास्येचे उधाण हनिफारूच्या भिंतीवर आदळते. खाडीतले पाणी हळूहळू गढूळ होत जाते. बाहेरच्या निळ्या काळोखात एक रुंद सावली दिसू लागते, जवळ येते, आपली शिंगे उलगडते आणि तोंड उघडून संथपणे आत शिरते. रखवालदार पाण्यात उतरून पाहतो, पोटावरचे ठिपके ओळखतो आणि त्याला हायसे वाटते. गेल्या वर्षीचा पाहुणा यंदाही परत आलेला असतो.